'कर्ली ॲरो'ला मराठीत काय म्हणावं?

रसायनवाली: रत्नागिरीत बारावीच्या मुलांसाठी सेंद्रिय रसायनाच्या मराठी नोट्स करतेय. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला एकदम इंग्रजी, मुलं बावचळतात. इलेक्ट्रॉनची जोडी कुठून कुठे जाते ते दाखवणाऱ्या बाणाला मी 'वक्र बाण' लिहिलं, एका सहकाऱ्याने खोडून 'कुरळा बाण' केलं. तुम्ही काय म्हणाल?

अलिबागी: कुरळे केस असतात. बाण कसला कुरळा?

मालवणी खाजा: वर्गात 'कर्ली' म्हटला की आमच्या पोरांका एकतर नदी आठवता, नायतर बारीक काट्यांचो मासो. मगे लक्ष खंय ऱ्हवतला?

शब्दवेडा: 'वक्र विजाणूबाण'. हक्काचा शब्द असताना इलेक्ट्रॉन कशाला?

रसायनवाली: मुलं 'विषाणू' वाचतात हो. उत्तरपत्रिकेत पाहिलंय.

सड्यावरचा: बारसं नंतर करा, बाण कुठून काढायचा ते आधी शिकवा. निम्मी मुलं हायड्रोजन आयनापासून काढतात. त्याच्याकडे इलेक्ट्रॉन आहेतच कुठे द्यायला? ब्रोमोमिथेनवर हायड्रॉक्साइड आलं, की एक बाण ऑक्सिजनवरच्या मोकळ्या जोडीपासून कार्बनकडे, दुसरा कार्बन-ब्रोमीन बंधापासून ब्रोमीनकडे. दुसरा विसरलात तर कार्बनला पाच बंध! 'वक्र'मधून आकार कळतो, काम कळत नाही. मी 'जोडीबाण' म्हणतो.

शब्दवेडा: पण आकार हीच तर ओळख. सरळ बाण अभिक्रियेचा, दुतोंडी सरळ बाण संस्पंदनाचा, म्हणून हा वाकडा. रॉबर्ट रॉबिन्सन आणि कर्मॅक यांनी 1922मध्ये काढला तोही वाकडाच.

अलिबागी: 'जोडीबाण' बरा वाटतो. पण एकटाच इलेक्ट्रॉन हलला तर?

मालवणी खाजा: तो अर्ध्या टोकाचो बाण? तेका इंग्रजीत फिशहूक म्हणतत मां? मगे आमची गरी! तिकाय एकच काटो.

रसायनवाली: हे झकास. उन्हात क्लोरीनचा बंध मधोमध तुटतो, तेव्हा बंधापासून दोन गऱ्या काढायच्या, प्रत्येक क्लोरीनकडे एक. 'गरीबाण' लिहू?

सड्यावरचा: पोरं 'गरीब आण' वाचतील. तसा एकच इलेक्ट्रॉन, गरीबच म्हणा.

शब्दवेडा: थट्टा पुरे. प्रमाण शब्द 'गळ' आहे. 'गरी' बोलीतला, पाठ्यसाहित्यात नको.

मालवणी खाजा: नोट्स रत्नागिरीत वाचूच्या, आणि शब्द पुण्याचो? आमच्यात गळ कोण म्हणना नाय. गरी टाकतत, गरवूक जातत.

अलिबागी: कोकण म्हणजे फक्त मालवण नव्हे. आम्ही लहानपणापासून गळच म्हणतो.

रसायनवाली: अहो, नोट्स उद्या झेरॉक्सला जायच्यात. वक्र की जोडी?

शब्दवेडा: मला तर वाटतं, 'गरी' हे 'गळ'चंच रूप. ळचा र झाला.

मालवणी खाजा: मगे फणसाचे गरे पण गळातसून इले काय?