विषय: युनिव्हर्सिटी की डिग्री अप्रेंटिसशिप?

नमस्कार मंडळी,
लेक इथे इंग्लंडमध्ये इयर ट्वेल्व्हमध्ये (आपली अकरावी) आहे. ए-लेव्हलला मॅथ्स, फिजिक्स घेतलंय, इंजिनियरिंगलाच जायचंय. पण आता म्हणते, डिग्री अप्रेंटिसशिप करते, म्हणजे कंपनीत नोकरी करता करता डिग्री. घरात धुसफूस चालू आहे. ह्यांचं म्हणणं, एवढे मार्क असताना आयटीआयसारखं काहीतरी कशाला? कुणाची मुलं या वाटेने गेली असतील तर सांगाल का?
– स्वाती

स्वाती,
आमचा मुलगा तेच करतोय. यजमानांना आधी हे सांग की शेवटी हातात पडते ती युनिव्हर्सिटीची पूर्ण डिग्रीच. फीचा एक पैसा आपण द्यायचा नाही, शिवाय पगार मिळतो. एरवी इंग्लंडमध्ये २०२५-२६ ला फीच वर्षाला ९,५३५ पौंडांपर्यंत होती, राहण्याजेवणाचं वेगळंच.

तो पाणीपुरवठ्याच्या कंपनीत आहे. तिथे एका पंपाचं बेअरिंग सारखं तापायचं. टेक्निशियनबरोबर याने डायल गेज लावून शाफ्टचं अलाइनमेंट (तो सरळ रेषेत आहे का ते) तपासलं, कंपनांच्या नोंदी ठेवल्या. नंतर कॉलेजात व्हायब्रेशन्सचा विषय आला तेव्हा म्हणाला, "आई, हे सगळं मी हात लावून पाहिलंय." मला फार बरं वाटलं.

कष्ट मात्र आहेत. आठवड्यातून एक दिवस कॉलेज, बाकी नोकरी, रात्री असाइनमेंट. आणि ही नोकरीच असल्यामुळे अर्ज थेट कंपनीकडे करावा लागतो. बऱ्याच जागा शरद ऋतूतच निघतात, काही लवकर बंदही होतात. त्यामुळे सप्टेंबरपासून डोळ्यात तेल घालून बघत राहा. यूकॅसचा, म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशाचा, फॉर्मही भरूनच ठेव, जागा कमी आणि चुरस मोठी. तुम्हाला इथे येऊन तीन वर्षं झाली नसतील तर पात्रतेचे नियम आधी वाच.
– नीलाताई

स्वाती, नीलाताईंचं अगदी बरोबर आहे. एक भर घालतो. मान्यताप्राप्त बीईंगवर (इंजिनियरिंगची बॅचलर्स डिग्री) 'इनकॉर्पोरेटेड इंजिनियर' या व्यावसायिक नोंदणीची शैक्षणिक अट पूर्ण होते. त्याच्या वरच्या पायरीचं, म्हणजे चार्टर्ड इंजिनियर व्हायचं तर मास्टर्सच्या पातळीपर्यंतचं शिक्षण आणि कामाचा अनुभव दाखवावा लागतो. युनिव्हर्सिटीतून सलग मान्यताप्राप्त एमईंग (इंजिनियरिंगची मास्टर्स डिग्री) केलं तर शिक्षणाची बाजू तिथेच उरकते. म्हणून मुलाखतीत तिने दोन गोष्टी विचाराव्यात: पुढच्या शिक्षणाला कंपनी मदत करते का, आणि तिच्यावर देखरेख ठेवणारा इंजिनियर स्वतः चार्टर्ड आहे का. तिला फोन करायला सांग, मुलाखतीची तयारी मी करून घेतो.
– अविनाशकाका