मदत हवी आहे: जुना डी-७ डोझर, उजवा स्टिअरिंग क्लच चिकटलाय, आणि समोर वारूळ आहे

सत्तरीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या वाळपईजवळच्या गावातून लिहितोय. आमच्या काजूच्या भाटात (बागेत) एक कॅटरपिलर डी-७ बुलडोझर उभा आहे. नंबर प्लेटवरचा क्रमांक १७ए ने सुरू होतो. ही मालिका १९५५ ते १९६१ या काळातली, म्हणजे पोर्तुगीज असतानाच हे मशीन मुरगावला उतरलं असणार. बाबा पिसुर्ल्याच्या बाजूला एका खाणीवर आधी हेल्पर होते, मग ह्याच मशीनवर ऑपरेटर झाले. रिजेक्शनचे डंप, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीचे ढीग, सपाट करणं हे त्यांचं रोजचं काम. १९९६ मध्ये खाणवाल्यांनी जुनी मशिनं भंगारात काढली, तेव्हा बाबांनी हे वजनावर विकत घेतलं. २००९ च्या मे महिन्यापर्यंत गावातले बांध, पायवाटा, तळ्यांचा गाळ अशी कामं केली आणि पावसाच्या तोंडावर शेडमध्ये उभं केलं, ते आजतागायत.

बाबा आता ७९ वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना चेनवर पाय ठेवून वर चढता येत नाही. पण खुर्चीवर बसून डोळे मिटतात आणि सुरू करण्याची सगळी क्रिया हाताने करून दाखवतात: डावा हात मुख्य क्लचवर, उजवा पिनियनच्या दांड्यावर, मग कॉम्प्रेशनचा दांडा. मी व्हिडिओ काढून ठेवलाय.

घाई अशासाठी की शेडचे अर्धे पत्रे वादळात उडाले. भाटाच्या दुसऱ्या टोकाला चिऱ्यांची नवी शेड बांधून झाली आहे. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे जूनच्या आधी मशीन तिकडे न्यायचंच आहे. क्रेन आणून उचलता येईल, विचारून झालं. पण बाबांची इच्छा आहे की ते स्वतःच्या चेनवर चालत जावं, आणि माझीही.

आतापर्यंत काय झालं ते सांगतो.

मोठं इंजिन जाम नाही. चार सिलिंडर, बोअर १४६ आणि स्ट्रोक २०३ मिलिमीटर, म्हणजे साधारण १३.६ लिटर. सिलिंडरचं तोंड आमच्या घरच्या तांब्याएवढं आहे. एक्झॉस्ट सरळ आभाळाकडे उघडतो, तरी आत पाणी गेलं नाही, कारण बाबा दर वर्षी मृगाच्या आधी त्यावर नवी करवंटी पालथी घालायचे आणि सुतळीने आवळायचे. चवथीला घरी आलो तेव्हा इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑइल ओतलं. रोज सकाळी फ्लायव्हीलला पहार लावून जोर द्यायचो. सतराव्या दिवशी ते बोटभर सरकलं. आता पूर्ण फेरा घेतं.

सुरू करायचं छोटं पेट्रोल इंजिन, म्हणजे पोनी (बाबा त्याला पिल्लू म्हणतात), तेही चालू झालं. कार्ब्युरेटर धुतला, मॅग्नेटोचे पॉइंट घासले, तिसऱ्या दोरीला धरलं. त्याचा धूर मोठ्या इंजिनाच्या इनटेकमधून जातो आणि दोघांचं पाणी एकच असतं, त्यामुळे पिल्लू चाललं की मोठंही हळूहळू तापतं. इतक्या वर्षांपूर्वी कुणाला सुचलं असेल हे, मला फार आवडलं. अडचण एवढीच की दहा मिनिटांनी तापलं की पोनी बंद पडतं, आणि गार झाल्याशिवाय पुन्हा धरत नाही.

आता मोठ्या अडचणी.

पहिली, डिझेल पंपांचा रॅक, म्हणजे किती डिझेल जायचं ते ठरवणारी दातेरी पट्टी. थ्रॉटलचा दांडा हलतो, पण आतला रॅक जागचा हलत नाही.

दुसरी, उजवा स्टिअरिंग क्लच, म्हणजे वळताना उजव्या चेनचा जोर तोडणारा क्लच. झाकण काढून बघितलं. लिव्हर ओढला की जोर योकपर्यंत (प्लेटा सोडवणाऱ्या काट्यापर्यंत) पोचतो, पण प्लेटा सुटत नाहीत, एकमेकींना गंजून बसल्यात. डावा क्लच मात्र व्यवस्थित सुटतो. एकाच शेडमध्ये, एकाच पावसात उभ्या मशीनची एक बाजू चांगली आणि एक खराब, हे मला कळलेलं नाही.

तिसरी अडचण मशीनची नाही. ब्लेडच्या पुढे दीड हातावर कंबरेएवढं वारूळ उठलंय. आमच्याकडे रोयण म्हणतात, आणि सातेरी देवीचं रूप मानतात. आई रोज तिथे फूल ठेवते, त्यामुळे ते मोडायचा प्रश्नच येत नाही. मागे चार मीटरवर चिऱ्यांचा गडगा आहे, डावीकडे पोफळीचा पाट. म्हणजे मशीन रिव्हर्समध्ये तीनेक मीटर घ्यायचं आणि लगेच उजवीकडे वळवायचं, एवढीच वाट आहे. आणि उजवीकडे वळायला नेमका उजवाच क्लच सुटायला हवा.

जाणकार माणसं आता जवळ राहिली नाहीत. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्ये थोड्या चालल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या. तेव्हाचे फिटर कुणी गल्फमध्ये गेले, कुणी दुकान घातलं, बरेचसे वारले. म्हणून इथे विचारतोय.

---

जुना_फिटर

क्लचचं नंतर बघू. आधी कळकळीने सांगतो, रॅक मोकळा झाल्याशिवाय मोठं इंजिन सुरू करायचा प्रयत्न करू नका.

तुमचा रॅक बहुतेक बंद जागी अडकलाय, कारण शेवटी इंजिन बंद करूनच मशीन उभं केलेलं. तसा असेल तर इंजिन धरणारच नाही, नुकसान काही नाही. भीती वेगळी आहे. तुम्ही ठोकून तो उघडाल, इंजिन धरेल आणि रॅक उघड्या जागी पुन्हा अडकेल. मग थ्रॉटल कितीही ओढा, इंजिन वेग घेतच राहतं. एकदा असं पळालेलं इंजिन मी पाहिलंय. आम्ही चौघे होतो आणि चौघांना पळावं लागलं.

असं करा. प्रत्येक सिलिंडरचा पंप वेगळा आहे आणि प्रत्येकाचे दात रॅकमध्ये बसतात. अडकलेला असतो सहसा एखादाच प्लंजर (पंपातला डिझेल ढकलणारा दांडा). गरम डिझेलमध्ये थोडं ऑटो ट्रान्समिशनचं तेल मिसळून दोन दिवस मुरू द्या. नाही सुटला तर एकेक पंप बाहेर काढा आणि दर वेळी रॅक बोटाने हलवून बघा. जो काढल्यावर रॅक सुटेल तो दोषी. तीन गोष्टी पाळा. काढण्याआधी रॅक कुठल्या जागी होता त्याची खूण करा, कारण बसवताना एक दात जरी चुकला तरी त्या सिलिंडरला भलतंच डिझेल जाईल. प्लंजर आणि त्याचं बॅरल ही जोडी असते, एकाचं दुसऱ्याला घालू नका. आणि हातोडा शेडच्या बाहेर ठेवून या.

पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवा आणि एक माणूस जाड प्लायवुडचा तुकडा घेऊन इनटेकपाशी उभा करा. इंजिन पळालं तर हवा तोडायची. हाताने झाकायला जायचं नाही, तळहात ओढून घेतं ते.

पोनी गरम झाल्यावर बंद पडतं त्याला मॅग्नेटोचा कंडेन्सर तरी कारण असेल नाहीतर कॉइल. कंडेन्सर आधी बदला, स्वस्त आहे.

---

कुडाळी

पोनीच्या बाबतीत एक. आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असतं. जुने रबर, बूच आणि फ्लोटवरचा लेप त्याने सुटतो. काम झालं की टाकीचा नळ बंद करून कार्ब्युरेटर कोरडा पडेपर्यंत पोनी चालू ठेवायचा. पेट्रोल आत ठेवून जाऊ नका.

---

घाटमाथा

बेळगावकडे आमचे दोन जुने डोझर होते, क्लच चिकटणं दर वर्षीचंच. तुमचा प्रश्न वाचून एक विचारतो: मशीन उभं करताना लिव्हर मागे ओढून बांधले होते का? तसं केलं की प्लेटांवरचा दाब निघतो आणि त्या चिकटत नाहीत.

---

सत्तरीकर

घाटमाथा, तुमचा प्रश्न वाचून बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "बांधले होते की, दोन्ही. सुंभाने." शनिवारी जाऊन बघितलं. डाव्या लिव्हरला सुंभाचे दोन वेढे अजून आहेत, काळे पडलेत पण आवळलेले. उजवीकडे पत्रा उडालेला, तिथे पाणी गळत होतं. तो सुंभ कुजून तुटलाय, खाली पायाशी त्याचा भुगा सापडला. लिव्हर पुढे गेला, प्लेटा दाबल्या गेल्या आणि तशाच ओलाव्यात राहिल्या. डावा का सुटतो ते आता समजलं.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "दर दोन वर्षांनी बदलायचा असतो. मी गुडघ्यामुळे वर गेलो नाही." एवढंच बोलले.

आता उजवा सोडवायचा कसा? पुढेमागे झटके देऊन सोडवतात असं वाचलं, पण मला जागाच नाही.

---

घाटमाथा

जागा लागत नाही. नीट वाचा.

आधी क्लचच्या कप्प्याचा खालचा बूच उघडा, पाणी साचलं असेल ते जाऊ द्या. घाईने सगळा काढू नका, सैल करा आणि काय येतं बघा. ट्रान्समिशन आणि फायनल ड्राइव्हलाही हेच करा. तेलाखाली पाणी बसलेलं असतं, आधी तेच बाहेर येतं. मग प्लेटांच्या कडांवर गंज सोडवणारं पातळ तेल रोज मारत राहा, आठवडाभर. ब्रेकचा पट्टा त्याच कप्प्यात आहे, त्यावर तेल सांडू देऊ नका, नाहीतर पुढची पायरी जमणार नाही.

नंतर, मोठं इंजिन चालू आणि गरम असताना: डावा लिव्हर ओढून बांधा, म्हणजे डावी बाजू सुटली. उजवाही ओढून धरा. दोन्ही ब्रेक पूर्ण दाबा. गिअर पहिला रिव्हर्स, पुढचा नाही, कारण पुढे तुमचं वारूळ आहे. थ्रॉटल कमी ठेवून मुख्य क्लच हळूहळू लावा. इंजिनाचा सगळा जोर उजव्या प्लेटांवर येतो आणि ब्रेक बाहेरची बाजू धरून ठेवतो. गंज तरी तुटेल किंवा इंजिन दम टाकेल. दम टाकायला लागलं की मुख्य क्लच लगेच सोडा, थांबा, पुन्हा. ब्लेड जमिनीवरच असू दे, त्याचं वजन कामाला येईल. मागच्या बाजूला दोन्ही चेनांखाली जाड ओंडके लावा. मशीन आणि गडग्याच्या मध्ये कुणालाही उभं राहू देऊ नका, बघायला येणाऱ्या मुलांना तर मुळीच नाही.

---

फोंडेकर

मशीन चालू झाल्यावर शेजारीपाजारी कामं सांगायला येतील म्हणून लिहितो. गोव्याच्या नगर आणि ग्राम नियोजन कायद्यात परवानगीशिवाय डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला बंदी आहे. कलमाचा क्रमांकही १७-ए. तुमच्या मशीनवरही तेच अक्षर आणि आकडा, म्हणून लक्षात राहील.

---

सत्तरीकर

फोंडेकर, धन्यवाद. मशीन भाटाबाहेर जाणार नाही.

पाच आठवड्यांनी लिहितोय. तिसऱ्या सिलिंडरचा पंप दोषी निघाला. मुरत ठेवला, चौथ्या दिवशी प्लंजर अंगठ्याने फिरला. रॅक आता लोण्यासारखा सरकतो. कंडेन्सर बदलल्यावर पोनी अर्धा तास सलग चालतं.

काल सकाळी सुरू केलं. पिल्लू पंधरा मिनिटं चालवलं, कॉम्प्रेशन सोडून मोठं फिरवत ठेवलं, तेलाच्या दाबाचा काटा उठेपर्यंत. बाबा खाली खुर्चीवर होते. काटा उठला तसा त्यांनी हात वर केला, मी कॉम्प्रेशनचा दांडा लावला आणि डिझेल उघडलं. आधी एकच सिलिंडर बोलला, मग दोन, पांढरा धूर काजूंच्या वर गेला, आणि मग चारही. भाऊ प्लायवुड धरून उभा होता, त्याची गरज पडली नाही. करवंटी मात्र काढायची राहून गेली होती, ती उडून पाटात पडली.

क्लच सहाव्या खेपेला सुटला. फणस फोडताना येतो तसा आवाज आला आणि इंजिन एकदम हलकं झालं. मला वाटलं काहीतरी मोडलं. बाबा खालून ओरडले, "सुटला, सुटला, ब्रेक सोडू नको!"

मग ओंडके काढले, तीन मीटर मागे घेतलं, उजवा लिव्हर ओढला आणि ते वळलं. रोयणीला धक्का लागला नाही. नव्या शेडपर्यंत ब्लेड घासतच नेलं, कारण ब्लेड उचलायचा वायर रोप पूर्ण गंजलाय. लिव्हर दोन्ही मागे बांधले, ह्या वेळी नायलॉनच्या दोरीने.

तर आता तेवढंच राहिलंय. जुना रोप मोजला तर अर्ध्या इंचाचा भरतो. मागच्या ड्रमवर गुंडाळायला लवचीक, पण पुलीवर झिजणार नाही असा कुठला घ्यावा, आणि म्हापशापासून बेळगावपर्यंत तो सुट्ट्या लांबीत कुठे मिळतो, हे कुणी सांगू शकेल का?