वृत्तछायाचित्रणातून पाण्याखालच्या छायाचित्रणाकडे वळायचंय, सल्ला हवा आहे

पहिलीपाळी

नमस्कार मंडळी,

मुंबईतल्या एका दैनिकात बरीच वर्षं छायाचित्रकार म्हणून काम करतेय. मोर्चे, दरडी, निवडणुका, तुंबलेली मुंबई, सगळं केलं. अलीकडे मात्र पाय सारखे किनाऱ्याकडे वळतात. कोस्टल रोडच्या वेळी वरळी कोळीवाड्याचं आंदोलन मी टिपलं. पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटरच अंतर ठेवलं तर वाऱ्या-लाटांत होड्या खांबांवर आदळतील, असं मच्छीमार जीव तोडून सांगत होते. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने ते अंतर १२० मीटर करायचं मान्य केलं. त्या सगळ्या काळात पाण्याच्या वरची बाजू रोज छापून आली. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची प्रवाळं २०२० मध्ये दुसरीकडे हलवली, तेव्हाही पानावर दिसली ती क्रेन आणि भराव. प्रवाळ कसं दिसतं, हे वाचकाला कळलंच नाही. मला ती बाजू दाखवायची आहे आणि पुढची वर्षं याच कामाला द्यायची आहेत.

वय ४३. पोहता चांगलं येतं, स्कूबा कधी केलेलं नाही. फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा बॉडी आहे, सोबत १६-३५ (रुंद कोनाची), ७०-२०० (दूरचं टिपणारी) आणि १०० मॅक्रो (अगदी जवळचं टिपणारी) या लेन्स. घरी आई आहे, मुलगा शाळेत आहे, त्यामुळे अंदमानात सहा महिने मुक्काम ठोकणं शक्य नाही. स्कूबा कुठे शिकावं? आत्ताच्या कॅमेऱ्यालाच हाउसिंग (पाणी आत न येऊ देणारं कवच) घ्यावं का? मुंबईच्या गढूळ पाण्यात काही करण्यासारखं आहे का? आणि या कामाचे पैसे कोण देतं? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

खडपे

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते तुमची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. मुंबईत भरपूर आहे, आणि ते बघायला बुडी मारावी लागत नाही. ओहोटी लागते.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचे दिवस बघा. आपल्याकडे त्या दिवसांत भरती साधारण दुपारी बारा-एकच्या सुमारास आणि मध्यरात्री येते, म्हणजे पाणी सगळ्यांत मागे जातं ते सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातला. फोटोग्राफरला याहून चांगली वेळ कोणती? भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) दिवसांत जाऊ नका, तेव्हा पाणी फारसं सरकत नाही. हाजी अली, वरळी, वांद्र्याचं बँडस्टँड, गिरगाव, जुहू, प्रत्येक ठिकाणची वस्ती वेगळी. खडकाळ किनाऱ्यावर पहिल्यांदा गेलात तर चिखल लागलेला दगड दिसेल. खाली बसा. त्या चिखलासारख्या थरात बटणाएवढ्या मिटलेल्या गाठी असतात, ते झोअँथिड, प्रवाळांचे भाऊबंद. डबक्यात पाणी असेल तर तेच उघडलेले, हिरव्या-तपकिरी झालरींसह दिसतात. बाजूच्या कपारीत हात घालू नका, तिथे ऑक्टोपस असू शकतो आणि तो तुमच्या डोळ्यांदेखत खडकाचा रंग घेतो. समुद्री गोगलगायी नखाएवढ्या असतात. नजर बसायला वेळ लागतो, पण एकदा बसली की उठायला नको वाटतं.

'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम २०१७ पासून किनारफेऱ्या घेतो. आधी कॅमेरा न काढता त्यांच्याबरोबर जा. काय दिसतंय हे ओळखणाऱ्या माणसासोबत चालणं सगळ्यांत मोलाचं. फोटो जागा आणि तारखेसह आयनॅचरलिस्ट या सजीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकत चला. कुठली प्रजाती कुठे, कोणत्या महिन्यात दिसली, ही नोंद संशोधकांच्या कामी येते आणि उद्या त्या किनाऱ्यावर काही बांधायचं निघालं तर इथे काय होतं याचा पुरावाही तीच असते. खडकावरची प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. असा कोणी सजीव वरळीच्या पुलाखाली राहतो हे मुंबईकरांना कळणं, याच्याइतकी मोठी बातमी मला तरी सुचत नाही.

उलटवलेला दगड होता तसाच परत ठेवा, खाली राहणारे जीव उन्हात मरतात. शेवाळावर पकड घेणारे बंद बूट घाला. आणि पाणी फिरलं की फोटो कितीही रंगात आलेला असो, निघा.

---

मालवणी_पाणबुडा

ताई, स्वागत. तारकर्ली-मालवणात मी पर्यटकांना आणि शिकाऊंना दोघांनाही पाण्यात नेतो, म्हणून आधी एक फरक सांगतो. अर्ध्या तासाचं जे 'स्कूबा' सगळीकडे विकलं जातं, त्यात प्रशिक्षक तुम्हाला मागून धरून फिरवतो. त्यात शिकणं नाही. काही ठिकाणी मासे जमावेत म्हणून पाव टाकतात, तिथे तर जाऊच नका. तुम्हाला पूर्ण ओपन वॉटर कोर्स (स्कूबाचा पहिला प्रमाणपत्राचा) हवा. त्यात २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं ही परीक्षा असते, ती तुम्हाला जड नाही. हा कोर्स झाला की १८ मीटरपर्यंत जाता येतं, पुढे ॲडव्हान्स्ड आणि डीप डाइव्हचं प्रशिक्षण घेतलं तर ३० मीटर.

मुंबईहून तारकर्ली जवळ आहे, एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्रही तिथेच आहे. पावसाळ्यात सगळं बंद. पाणी बरं असतं दिवाळीनंतर, पण नेहमीच नितळ मिळेल असं सांगणार नाही. मालवण सागरी अभयारण्य १९८७ चं आहे, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला. व्यावसायिक चित्रण करणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी काढा. निळंशार पाणी हवं तर अंदमान किंवा लक्षद्वीप. लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, त्याला वेळ धरा. आंग्रिया बँकेचं नाव कोणीतरी घेईलच, म्हणून आत्ताच सांगतो: विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभराहून जास्त किलोमीटर आत, बुडालेलं पठार, त्याचा उथळ माथाच विसेक मीटरवर. ते नवशिक्याचं काम नाही.

आता महत्त्वाचं. कॅमेरा एवढ्यात पाण्यात नेऊ नका. पाण्यात स्थिर राहणं, म्हणजे बॉयन्सी, श्वासावर चालते. श्वास घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली. हे अंगात मुरलं नसेल आणि लक्ष व्ह्यूफाइंडरमध्ये गेलं, तर फिन (पायात घालायचा पंख) प्रवाळावर आपटतो. एक फांदी वाढायला कित्येक वर्षं लागतात आणि मोडायला एक लाथ. तरंगत थांबता येईल, गुडघे टेकल्याशिवाय मास्क साफ करता येईल, मागे सरकता येईल, तेव्हा कॅमेरा घ्या.

लागोपाठ डाइव्ह केल्या असतील तर विमानाआधी किमान १८ तास मोकळे ठेवा. सुट्टी मोजून येणारे मुंबईकर इथेच घाई करतात.

---

काळाघोडा

हाउसिंगबद्दल. घाई करू नका. हाउसिंग एकाच मॉडेलला बसतं. बॉडी बदलली की ते कपाटात जातं, आणि चांगलं ॲल्युमिनियमचं हाउसिंग, पोर्ट (लेन्ससमोरची काच) आणि स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश) धरून कॅमेऱ्याहून महाग पडतं.

पाण्यात प्रकाशाचं वागणंच वेगळं. पाच-सहा मीटरवर लाल रंग जवळपास संपतो, त्यामुळे वरच्या प्रकाशावर काढलेला प्रत्येक फोटो निळा-हिरवा. म्हणून स्ट्रोब, आणि स्ट्रोबचा रंग चांगला पोचतो तो मीटर-दीड मीटरपर्यंतच. पाण्यात कण असतात. फ्लॅश लेन्सजवळून सरळ समोर मारला तर ते सगळे पांढरे ठिपके होऊन उजळतात, त्यालाच बॅकस्कॅटर म्हणतात. स्ट्रोब लांब दांड्यांवर बाजूला न्यायचे, तोंड किंचित बाहेर वळवायचं आणि प्रकाशाच्या कडेने विषय उजळवायचा. उपाय एकच, जवळ जा. आणखी जवळ जा. रस्त्यावर ७०-२०० ने जे साधता ते इथे चालत नाही, तुमच्या आणि विषयाच्या मधलं पाणीच फोटो खातं. तुमच्याकडचं १०० मॅक्रो सपाट पोर्टमागे उत्तम. १६-३५ ला मोठा डोम (घुमटासारखा पोर्ट) लागेल, सपाट पोर्टमागे ते वाया जातं कारण कोन आवळतो आणि कडा ताणल्या जातात.

माझा सल्ला: आधी ऑलिंपस टीजी-६ किंवा नंतरचा ओएम सिस्टिम टीजी-७ घ्या. नुसता १५ मीटरपर्यंत चालतो, रॉ देतो, आणि मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून एक सेंटिमीटरवर फोकस होतो. 'खडपे' म्हणतात त्या डबक्यांसाठी तर तो हवाच. पुढे त्याला हाउसिंग आणि एक स्ट्रोब जोडून शिका.

मोठं हाउसिंग घेतलंत की ओ-रिंगची (हाउसिंगच्या झाकणातल्या रबरी कडीची) शिस्त लावून घ्या. रिंग काढायची, उजेडात धरायची, दोन बोटांतून पूर्ण फिरवायची. वाळूचा कण, केस, कापडाचा धागा, काहीही राहिलं तर पाणी तिथूनच शिरतं. खोबणी पुसायची, ग्रीस चमक येईल एवढंच, जास्त लावलं तर तेच कण धरतं. हे रात्री निवांत करायचं, सकाळी हलत्या बोटीवर नाही. कॅमेऱ्याविना बंद केलेलं हाउसिंग आधी पाण्याच्या पिंपात बुडवून बुडबुडे येतात का बघायचं.

---

पहिलीपाळी

खूप आभार. ७०-२०० चं ऐकून जरा हललेच, अर्धं आयुष्य त्या लेन्सवर गेलंय! एक विचारते: पाण्याखाली पटाईत होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर दोन-तीन वर्षं सहज जातील. तोवर मी काय करावं?

---

वेसावकर

ताई, वेसाव्यातून लिहितोय. आमची घरची बोट आहे. तोवर काय करावं विचारता, तर धक्क्यावर या. समुद्राच्या तळाशी काय चाललंय ते रोज आमच्या डोल जाळ्यात वर येतं. बोंबील किती, कोलीम (बारीक कोळंबी) किती, आणि प्लास्टिक किती, ते जाळं ओतताना दिसतं. एक दिवस ते नुसतं निवडताना बघा. पिशव्या, बाटल्या, चपला बाजूला करत बायका बसलेल्या असतात. तो फोटो मुंबईने बघितला पाहिजे.

दुसरं. कासव, डॉल्फिन, देवमासा यांच्यासारखा संरक्षित जीव जाळ्यात आला आणि आम्ही जाळं कापून त्याला सोडला, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी फोटो किंवा व्हिडिओ लागतो. काळोखात, हलत्या बोटीवर, खलाशाच्या मोबाइलवर तो धड येत नाही. आमच्या पोरांना तो कसा घ्यायचा हे तुमच्यासारख्या माणसाने एक दिवस शिकवलं तर कासवंही वाचतील आणि नाखव्याचं जाळंही भरून निघेल. हे संवर्धनच झालं ना?

एक विनंती. समुद्र वाचवायच्या फोटोंमध्ये कोळी नेहमी गुन्हेगार दिसतो. एलईडी दिवे लावून आणि पर्ससीनच्या मोठ्या घेराच्या जाळ्याने मासळी ओरबाडणारे वेगळे, वाऱ्या-पाण्याचा अंदाज घेऊन डोल लावणारे वेगळे. पापलेटचा हंगाम पुढे नीट यावा म्हणून १ जून ते ३१ जुलै आम्ही बोटी वर काढतो, त्या काळात घर कसं चालवतो तेही दाखवा. आणि फोटो काढलेत की घरी एक प्रिंट आणून द्या.

---

मजकूर

वेसावकरांशी शंभर टक्के सहमत, आणि पाणबुडादादांशी थोडी असहमत. डायव्हिंग सावकाश शिका, पण गोष्ट शोधायला थांबू नका. सुंदर माशाचे फोटो काढणारे हजारो आहेत. कोणाला भेटायचं, कागद कुठे सापडतो, सुनावणी कधी आहे, कोणाचं नुकसान होतंय, हे जाणणारे फार थोडे, आणि ते तुम्ही रोज करता. जस्टिन हॉफमनचा इंडोनेशियातला समुद्रघोडा आठवा, शेपटीने कान साफ करायची काडी धरलेला. तो फोटो जगभर गेला कारण तो बातमी होता. सागरी छायाचित्रणातलं मोठं नाव असलेला थॉमस पेशाक सागरी जीवशास्त्र शिकून पत्रकारितेकडे वळला. तुम्ही उलट्या दिशेने याल, तर विज्ञानाची बाजू भरून काढा. वर्सोव्यात सीआयएफई (केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था) आहे, सीएमएफआरआयचं (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं) केंद्र मुंबईत आहे, तिथल्या संशोधकांशी ओळख वाढवा. फोटो नुसता छापण्यासाठी नसतो हेही तिथे कळेल: व्हेल शार्कचे ठिपके, मांटा रे माशाच्या पोटावरच्या खुणा, कासवाच्या गालावरचे खवले यांवरून एकेक प्राणी ओळखतात. त्यासाठी ठरावीक बाजूने, ठरावीक कोनातून फोटो लागतो.

पैशांचं स्पष्ट बोलते. पहिली काही वर्षं यावर घर चालणार नाही. नोकरी लगेच सोडू नका, किंवा सोडलीत तर लग्नं, कंपन्यांची कामं यांतून महिना बांधा. चित्रकथेसाठी मोंगाबे इंडिया आणि सँक्च्युरी एशिया ही पर्यावरणविषयक प्रकाशनं आणि पारी हे ग्रामीण भारतावरचं संकेतस्थळ, यांच्याकडे विषय मांडा. पारीवर मराठीतही छापून येतं, आणि किनाऱ्यावरच्या माणसांच्या गोष्टींना तिथे खरी जागा आहे. मुंबईतच रीफ वॉच ही सागरी संवर्धन संस्था आहे, शिवाय वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि त्याचं प्रतिष्ठान आहे. त्यांच्या प्रकल्पांचं छायाचित्रण करा, पण फुकट देऊ नका. संस्थेला वापराचा हक्क द्या, मालकी स्वतःकडे ठेवा, मुदत लिहून घ्या. 'चांगल्या कामासाठी' म्हणून फोटो मागणारे प्रिंटरला आणि केटररला पैसे देतातच.

---

पहिलीपाळी

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, धन्यवाद हा शब्द तोकडा आहे. ठरवलं ते असं: नोकरी वर्षभर तरी सोडत नाही. येत्या अमावास्येला 'खडपे' यांनी सांगितलेल्या ओहोटीला हाजी अलीला जाते. टीजी घेते. वेसावकर, तुमच्याकडे पोरांना फोटो शिकवायला मी नक्की येईन, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. दिवाळीनंतर तारकर्लीला कोर्स. तोवर दादरच्या पालिकेच्या तलावात सराव चालू ठेवते. पाणबुडादादा, त्या सरावात नेमकं काय करू? सर्दीचा त्रास मला नेहमीचा आहे, त्याने अडेल का?

---

मालवणी_पाणबुडा

सर्दीचं आधी बघा. कोर्सच्या सुरुवातीला वैद्यकीय प्रश्नावली भरून घेतात, त्यात दमा, सायनस, कान, हृदय सगळं येतं. खोटं लिहू नका. आत्ताच नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे जाऊन 'स्कूबा करायचंय' असं स्पष्ट सांगून तपासून घ्या, म्हणजे काही निघालं तर उपचाराला वेळ राहील. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो, आणि कानाला सगळ्यांत जास्त जाणवतात ते पहिलेच काही मीटर. नाक चोंदलेलं असताना डाइव्ह करायची नाही, आणि गोळी घेऊन तर नाहीच, खाली असताना तिचा असर उतरला तर वर येताना त्रास होतो.

तलावात वेगाच्या मागे लागू नका. सावकाश, न थांबता ४०० मीटर जमवा. चष्मा न घालता तोंड पाण्यात ठेवून नाकाने बुडबुडे सोडा, मास्कमध्ये पाणी शिरल्यावर घाबरायला होत नाही. श्वास रोखण्याच्या शर्यती लावू नका, स्कूबामध्ये श्वास कधीच रोखायचा नसतो, त्यामुळे ती सवय आत्तापासूनच नको. कान मोकळे करायचा सराव कोरड्यात करा, नाक चिमटून हलकेच फुंकायचं, जोर लावायचा नाही. कोर्सला येण्याआधी मला इथेच निरोप टाका, पाणी कसं आहे ते त्या आठवड्यात सांगतो.