आप्पांची जुनी मराठी फाईल उघडायलोय, सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसायलंय

खानापूरकर: आप्पांनी २००३ साली गावच्या जत्रेच्या आठवणी टाईप करून सीडीवर ठेवलेल्या, काल त्या लॅपटॉपवर घेतल्या तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. आप्पा आता नाहीत ओ, लई जीव तुटायलाय. फाईल बिघडली काय?

निपाणीकर: बिघडली नाही, घाबरू नका. त्यावेळच्या फॉन्टात इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असायची, तो फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं दिसतात. फाईलीत फॉन्टचं नाव बघा, त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर (जुन्या फॉन्टातला मजकूर आता सगळीकडे चालणाऱ्या युनिकोड अक्षरांत बदलणारा प्रोग्राम) वापरा, पण आधी मूळ फाईलची कॉपी काढून ठेवा. नंतर रफार आणि जोडाक्षरं एकेक तपासा, तिथंच जास्त चुका होतात.

टिळकवाडीची अक्का: आणि दुरुस्त करताना इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची एकसारखी कीबोर्ड मांडणी, शिकून घ्या की! विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडायचा, विंडोज आणि स्पेस एकदम दाबलं की भाषा बदलते. शिफ्ट एन म्हणजे ळ, आणि कन्नड निवडलं तरी ळ त्याच बटणावर. मी मराठीसाठी शिकले आणि कन्नड अर्ज आपोआप टाईप व्हायला लागले, तो आनंद अजून आहे बघा. 'दुसऱ्या'तला ऱ्य हवा तर शिफ्ट जे, पाय मोडायला डी, मग य.

खानापूरकर: अक्का, निपाणीकर, पहिलं पान आलं! "जत्रेला पाऊस होता" एवढं वाचलं आणि आईला हाक मारली.