गच्चीवरची सदाफुली (सोसायटी ग्रुप)

बी-३०४ काका: सुप्रभात. साडूने पाठवलंय, सर्वांच्या माहितीसाठी : सदाफुलीची पाच पानं रोज अनशापोटी चावून खा, शुगर नॉर्मल. गच्चीवर कुंड्या भरल्यात, उद्यापासून सुरू करतोय.

सी-१०१: मलाही थोडी ठेवा.

ए-२०२ ताई (फार्मासिस्ट): काका, पानं तोडू नका. व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही केमोची औषधं याच झाडातून मिळाली. पेशींचं विभाजनच अडवतात ती.

बी-३०४ काका: म्हणजे औषधीच की! आणि आयुर्वेदिकला साइड इफेक्ट नसतात.

ए-२०२ ताई: झाड मूळचं मादागास्करचं, चरक-सुश्रुतांनी पाहिलेलंच नाही. व्हिनक्रिस्टिनने हातापायांना मुंग्या येतात, व्हिनब्लास्टिनने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात. म्हणून शिरेतून, मोजून देतात. पाच पानांत काय किती, कोण मोजणार?

सी-१०१: पण शुगरवर चालतं असं सगळेच म्हणतात.

ए-२०२ ताई: लोक घ्यायचे हे खरं. जमैकात मधुमेहावर पानांचा काढा प्यायचे. ती पानं कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत पोचली. उंदरांना काढा पाजला तर साखर हललीसुद्धा नाही. अर्क टोचला तेव्हा पांढऱ्या पेशी कोसळल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने मेले. त्याचाच माग काढत १९५८ मध्ये नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी व्हिनब्लास्टिन शोधलं. शिवाय काका, तुमची गोळी चालू आहे. पानांनी साखर उतरलीच, तर दोन्ही मिळून चक्कर येऊन पडाल.

सेक्रेटरी: मग कुंड्या हलवायच्या का? लहान मुलं खेळतात तिथे.

डी-४०२ (बागवाल्या काकू): अजिबात नाही! उन्हात बारा महिने फुलणारं दुसरं काय आहे आपल्याकडे? कडू असल्याने जनावरंही तोंड लावत नाहीत. मुलांना तोंडात घालू नका सांगा, पानं तोडली तर चीक लागतो, हात धुवा. झालं. मरते ती पाण्याने, मुळं कुजतात. माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका, आणि कृपा करून जाता-येता बाटल्या रिकाम्या करू नका तिच्यावर. बी पेरलंत तर मातीखाली झाका, अंधारात उगवतं. फुलं हिरवट, पानासारखी यायला लागली तर रोप उपटून टाका. तुडतुडे तो रोग पसरवतात, त्यावर इलाज नाही.

सी-१०१: रोपवाटिकेत 'विन्का' म्हणून विकतात तीच ना?

डी-४०२: तीच. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने विन्का या प्रजातीतच (genus) घातली होती, १८३७ मध्ये कॅथरँथस या दुसऱ्या प्रजातीत गेली, पण रोपवाटिकेतली पाटी काही बदलली नाही. या प्रजातीत आठेक जाती. एक सोडली तर सगळ्या मादागास्करच्या. ती एक आपल्याकडची, बारीक पांढऱ्या फुलांची, शेताच्या बांधावर तण म्हणून उगवते.

बी-३०४ काका: बरं, रद्द. पण साडू कधीपासून खातोय ही पानं.

ए-२०२ ताई: आजच डॉक्टरांकडे पाठवा. आणि पानं खातोय हे तिथे लपवू नका म्हणावं, नाहीतर रिपोर्ट बघून ते गोळीचाच डोस बदलत बसतील.