मदत हवी आहे: एस्काफ्लोनेची टीव्हीवरची इंग्रजी आवृत्ती

मंडळी, कोणाकडे 2000 च्या आसपास अमेरिका किंवा कॅनडात टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या व्हीएचएस टेप आहेत का? मला एस्काफ्लोने ही जपानी कार्टून मालिका हवीय, पण अमेरिकन टीव्हीवरच्या फॉक्स किड्सने काटछाट केलेली. मूळ जपानी मालिका 1996 ची, 26 भागांची, ती न कापलेली इंग्रजीतही मिळते, तो प्रश्नच नाही. फॉक्स किड्सने पहिला भागच गाळला, योको कान्नोचं संगीत बऱ्याच ठिकाणी काढून दुसरं टाकलं आणि दहाएक भागांनंतर अमेरिकेत बंदच केलं, पुढचे भाग कॅनडात वायटीव्हीवर लागले, म्हणून टोरंटोकडच्या लोकांकडूनच जास्त आशा आहे. लोक म्हणतात मूळच चांगलं, कशाला शोधतेस, खरंय, पण आम्ही लहानपणी तिकडे हेच पाहिलं ना, नायिका हितोमी आकाशात पृथ्वी बघते तो सीन मला त्या बदललेल्या म्युझिकसकटच आठवतो.

माझ्याकडे एकच टेप उरलीय, लेबलवर बाबांच्या अक्षरात "कार्टून, पुसू नये". पुण्याच्या दमट माळ्यावर राहून रिळाच्या कडेला पांढरी बुरशी आलीय, त्यामुळे व्हीसीआरमध्ये घालायची हिंमत होत नाहीये. शिवाय ती एनटीएससी, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या टीव्ही पद्धतीची आहे, आपल्याकडचे जुने पाल पद्धतीचे व्हीसीआर चालतीलच असं नाही. पुण्या-मुंबईत बुरशी साफ करून एनटीएससी टेप डिजिटल करून देणारं कोणी खात्रीचं माहितीये का? आणि तिकडच्या दादा-ताईंनो, प्लीज बेसमेंटमधले खोके एकदा बघा, अर्धा भाग असला तरी चालेल, मधल्या जाहिराती कापू नका.