मदत हवी आहे : बॅले कंपनीच्या निधिसंकलनाच्या संध्याकाळची तिकिटे खपत नाहीत

मृद्गंध : आमच्या समकालीन बॅले कंपनीच्या नव्या हंगामासाठी निधी जमवण्याची संध्याकाळ पाच आठवड्यांवर आली असून १२० पैकी जेमतेम ४० जागा भरल्या आहेत. मी मराठी मंडळींना फोन करते आहे. परंतु प्रत्येक जण ‘ही रक्कम करपात्र उत्पन्नातून पूर्ण वजा होते का’ असे विचारतो आणि मला नीट उत्तर देता येत नाही. समितीला तिकिटे विकून बक्षिसांची सोडतही ठेवायची आहे. उद्या बैठक आहे, कृपया लवकर सांगावे.

पायवाट : आपण कोणत्या देशात आहात, तिकीट केवढ्याचे आहे आणि त्यात जेवण धरले आहे का, हे कळल्याशिवाय कोणीही उत्तर देऊ शकणार नाही.

मृद्गंध : क्षमस्व. कॅलिफोर्निया, सॅन फ्रान्सिस्कोजवळ. कंपनी ५०१(सी)(३) खाली, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली आहे, तिकीट हॉटेलातल्या जेवणासह २०० डॉलर आहे.

हिशेबनीस : मग पूर्ण रक्कम वजा होत नाही. जेवणाचे बाजारमूल्य ७० डॉलर धरले, तर देणगी १३० डॉलरचीच ठरते. तिकीट ७५ डॉलरपेक्षा जास्त असल्यामुळे हा अंदाज देणगीदाराला लेखी कळवणे कंपनीवर बंधनकारक आहे. तो निमंत्रणातच छापावा. सोडतीची मात्र घाई करू नये. तिच्यासाठी राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे आधी नोंदणी लागते, तिकीटविक्रीचे किमान ९० टक्के धर्मादाय कामालाच जावे लागतात आणि सोडतीच्या तिकिटावर करसवलत मिळत नाही.

नेपथ्य : माझ्या मते अडचण कराची नाहीच. त्या संध्याकाळी नर्तक नाचणार आहेत का, आणि कशावर? हॉटेलातल्या गालिच्यावर बॅले होत नाही, आणि काँक्रीटवर नुसती मार्ली (नाचासाठीचे विनाइलचे अंथरूण) टाकली तर उड्यांचा सारा मार गुडघ्यांना आणि नडग्यांना बसतो. कंपनीच्या स्टुडिओत लवचिक लाकडी जमीन असेल, तर संध्याकाळ तिथेच करावी, पाहुण्यांना चालू तालीम दाखवावी. चार हातांवरून श्वास लागलेला नर्तक पाहिलेला माणूस देणगीचा आकडा विचारत बसत नाही.

हिशेबनीस : स्टुडिओत १२० माणसे बसवायला अग्निशमन विभागाची मान्यता आहे का, हे आधी पाहावे. वाइन देणार असाल, तर एका दिवसाचा परवानाही लागेल.

अनुजा_आई : मुलींना फार लवकर पॉइंट शूज (चवड्याच्या टोकावर नाचण्याचे कडक जोडे) देऊ नका, एवढेच सांगते. माझ्या मुलीच्या शिक्षिका बारा वर्षांपर्यंत थांबल्या आणि तिचे घोटे शाबूत राहिले.

पायवाट : ताई, हा प्रश्न इथे नव्हता, पण त्यातून एक सुचले. पॉइंट शूजच्या एका जोडीला १०० डॉलरहून अधिक पडतात आणि व्यावसायिक नर्तिकेच्या पायात ती फार दिवस टिकत नाही. ‘एका नर्तिकेचे जोडे’ किंवा ‘तालमीचा एक आठवडा’ असे ठोस मागितले, तर देणाऱ्याला आपले पैसे कुठे जातात ते दिसते.

नेपथ्य : आणि मराठी घरांत फोन करताना हेही सांगावे की, तुमच्या जवळच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या अलॉन्झो किंग लाइन्स बॅले या नृत्यकंपनीसाठी उस्ताद झाकीर हुसेन यांनी संगीत दिले होते. ही कला आपल्याला परकी नाही.

मृद्गंध : आपणा सर्वांची मी ऋणी आहे. सोडत रद्द करण्याचे उद्या सुचवीन. एक गोष्ट सांगायची राहिली : हॉटेलची निम्मी रक्कम आधीच भरली आहे आणि ती परत मिळणार नाही. अशा वेळी जेवण हॉटेलात ठेवून आदल्या संध्याकाळी स्टुडिओत तालीम दाखवली, तर लोक दोनदा येतील का? कोणी असे केले असल्यास उद्या सहाच्या आत लिहावे.